विठ्ठल रामजी शिंदे आणि परळची मिशन शाळा

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे (२३ एप्रिल १८७३, जमखंडी – २ जानेवारी १९४४, पुणे) हे मराठी समाजसुधारक, धर्मचिंतक, संशोधक व लेखक होते. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी ऑफ इंडिया, अर्थात भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, ही संस्था स्थापन केली. त्याच दिवशी लालबाग-परळच्या गिरणी भागात, एल्फिन्स्टन रोड स्थानकाजवळ (२०१८ पासून प्रभादेवी स्थानक), संस्थेची पहिली दिवसाची शाळा सुरू झाली. पुढे इंग्रजी वर्ग जोडले गेल्यावर ती मिडल स्कूल म्हणून ओळखली गेली. मिशनचे वसतिगृह, उद्योगवर्ग, दवाखाना आणि घरोघर जाऊन करावयाची सेवा ही सारी कामे या शाळेच्या भोवती उभी राहिली.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या संस्थेचे नेतृत्व कोणी करावे, हा प्रश्न शिंदे यांच्या आयुष्यात याच कामातून उभा राहिला. सवर्ण सुधारकांनी आरंभ करावा, परंतु शेवटी कारभार त्या समाजाच्या हाती जावा, या निष्कर्षाला ते आले आणि १९२३ मध्ये त्यांनी स्वतःच स्थापन केलेल्या मिशनच्या कार्यातून निवृत्ती घेतली.

या लेखात अस्पृश्य, निराश्रित इत्यादी शब्द त्या काळच्या प्रचारानुसार वापरले आहेत.

बालपण व शिक्षण

शिंदे यांचा जन्म जमखंडी संस्थानात (सध्या कर्नाटकातील बागलकोट जिल्हा) एका मराठा कुटुंबात झाला. वडील रामजी बसाप्पा शिंदे हे वारकरी वृत्तीचे होते. आईचे नाव यमुनाबाई. घराला पूर्वी बरे दिवस होते, पण विठ्ठलरावांच्या शालेय वयात ओढग्रस्त आली. घरात भजन-कीर्तनाचे वातावरण होते आणि जातिभेदाचा काच कमी होता. मराठी व कानडी या दोन्ही भाषा त्यांच्या कानावर लहानपणापासून पडल्या. पुढे या दोन भाषांच्या संबंधावर त्यांनी केलेल्या संशोधनाचे मूळ येथे आहे. तत्कालीन प्रथेप्रमाणे त्यांचा विवाह बालपणीच रुक्मिणीबाईंशी झाला.

१८९१ मध्ये मॅट्रिक झाल्यावर काही काळ त्यांनी जमखंडीतच शिक्षकाचे काम केले. उच्च शिक्षणासाठी ते १८९३ मध्ये पुण्यास आले व फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. खर्चाची अडचण मोठी होती. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनने व बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या साहाय्यामुळे त्यांचे शिक्षण पुरे होऊ शकले. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले. कायद्याचा अभ्यास त्यांनी आरंभला होता, पण मन धर्मकार्याकडे वळल्यामुळे तो अर्धवट सोडला.

त्यांची धाकटी बहीण जनाबाई (जनाक्का) हिचा विवाह लहान वयात झाला होता, परंतु तिला संसारसुख लाभले नाही. विठ्ठलरावांनी तिला पुण्यास आणून तिच्या शिक्षणाची सोय केली. पुढे हीच जनाबाई परळच्या कामातील प्रमुख कार्यकर्ती झाली.

ऑक्सफर्ड येथील वास्तव्य

पुण्यात असताना शिंदे यांचा प्रार्थना समाजाशी संबंध आला. युनिटेरियन पंथाच्या साहाय्याने १९०१ मध्ये ते ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात गेले व १९०३ पर्यंत तेथे तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी केला. ग्रंथाभ्यासाबरोबरच युनिटेरियन मंडळांनी इंग्लंडमधील गरीब वस्त्यांत चालविलेले कामही त्यांनी जवळून पाहिले. धर्मोपदेशकाने व्यासपीठावर थांबू नये, वस्तीत उतरावे, हा त्यांच्या पुढील आयुष्याचा रोख या अनुभवाने पक्का केला. मायदेशी परतण्यापूर्वी ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भारतातील उदार धर्माविषयी निबंध वाचला.

१९०३ च्या अखेरीस ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि गिरगावात राम मोहन आश्रमात राहू लागले. उपासना चालविणे, व्याख्याने देणे, समाजाच्या सुबोध पत्रिकेत लिहिणे आणि प्रांतोप्रांती प्रवास करणे ही त्यांची नेमून दिलेली कामे होती. या प्रवासात त्यांनी आणखी एक काम स्वतःहून अंगावर घेतले. अस्पृश्य गणलेल्या जातींची लोकसंख्या, त्यांच्या वस्त्या आणि त्यांच्या शिक्षणाची स्थिती यांची माहिती ते गोळा करू लागले. बडोदे संस्थानातील अंत्यजांच्या शाळांची पाहणीही त्यांनी सयाजीरावांच्या इच्छेवरून केली. १९०५ मध्ये अहमदनगरजवळील भिंगार येथे तेथील महार मंडळींनी रात्री भरविलेल्या सभेस ते गेले. या सभेनंतर अस्पृश्यांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा त्यांचा निश्चय झाला.

गिरणगावातील परिस्थिती

संस्थेसाठी परळची जागा निवडण्यामागे कारणे होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, वरळी या पट्ट्यात कापडगिरण्या वाढल्या आणि जुन्या वाड्या-बागांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. त्या काळी हा भाग शहराच्या उत्तर कडेचा होता. गिरगाव-काळबादेवीच्या दृष्टीने परळ हे दूरचे उपनगर होते. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधण्यास आरंभ केला. पोयबावडी येथील बी. आय. टी. चाळी त्यांपैकीच होत.

कोकणातून व देशावरून आलेल्या महार, चांभार, मांग कुटुंबांना गिरण्या, रेल्वे, गोदी व नगरपालिकेच्या सफाई खात्यात काम मिळे. मात्र गिरणीतही अस्पृश्यता संपत नसे. कापड विणण्याच्या खात्यात पगार तुलनेने चांगला असे, पण धोट्यात नवी कांडी घातल्यावर सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा इतर कामगार हाती घेण्यास तयार नसत. म्हणून या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. सूतकताईच्या कमी पगाराच्या खात्यांतच त्यांची भरती होई. शाळांचीही तीच गत होती. सरकारी धोरणाने शाळा सर्वांना खुल्या असल्या, तरी व्यवहारात या मुलांना वर्गाबाहेर किंवा वेगळे बसविले जाई, अथवा इतर पालकांच्या विरोधामुळे प्रवेशच नाकारला जाई. पिढीजात कामातून वा गिरणीच्या खालच्या खात्यातून बाहेर पडण्याचा मार्ग शिक्षणातून होता, आणि तोच बंद होता.

शाळेची स्थापना

गुरुवार, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, एल्फिन्स्टन रोडवरील ग्लोब मिलजवळ मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात शाळेचा आरंभ झाला. उद्घाटन प्रार्थना समाजाचे अध्यक्ष व मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर यांनी केले. चंदावरकर हे मिशनचे अध्यक्ष, शेट दामोदरदास गोवर्धनदास सुखडवाला हे उपाध्यक्ष आणि शिंदे हे सरचिटणीस झाले. कामाच्या आरंभासाठी सुखडवाला यांनी १,००० रुपये दिले.

मिशनचे हेतू असे होते: अस्पृश्य वर्गांत शिक्षणाचा प्रसार करणे, त्यांना कामधंदा मिळवून देणे, त्यांच्या सामाजिक अडचणी दूर करणे, आणि उदार धर्म, शील व नागरिकत्व यांची शिकवण देणे. शिक्षणाबरोबर रोजगार आणि सामाजिक अडचणी यांचाही समावेश केल्याने संस्थेचे क्षेत्र शाळेच्या चार भिंतींपुरते राहिले नाही. धर्मांतराचा हेतू मिशनपुढे नव्हता. ख्रिस्ती मिशनांनी या वर्गात शिक्षणाचे काम आधीपासून चालविले होते. त्यांची संघटनशक्ती आणि सेवावृत्ती शिंदे यांना मोलाची वाटे, आणि तशीच संस्था देशी लोकांनी चालवावी असा त्यांचा प्रयत्न होता.

अशा मुलांसाठी महाराष्ट्रात शाळा काढण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी अर्धशतकापूर्वी हे काम आरंभिले होते, आणि प्रार्थना समाजाच्या कामगारांसाठीच्या रात्रशाळा मुंबईत चालत होत्या. एका मध्यवर्ती संस्थेच्या वतीने प्रांतोप्रांती शाखा काढून हा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर नेणे हे शिंदे यांच्या योजनेचे वेगळेपण होते.

शाळेचे स्वरूप

आरंभी शाळेत मराठी प्राथमिक वर्ग होते. त्या काळच्या मुंबई इलाख्यातील रचनेनुसार विद्यार्थी काही मराठी इयत्ता पुऱ्या करून इंग्रजी पहिलीत जाई. इंग्रजीच्या सात इयत्तांपैकी पहिल्या तीन इयत्तांपर्यंतची शाळा ती मिडल स्कूल, आणि पुढे मॅट्रिकपर्यंतची ती हायस्कूल. परळच्या शाळेला इंग्रजी वर्ग जोडले गेले, तेव्हा तिचे मिडल स्कूल झाले. ही पायरी विशेष महत्त्वाची होती. नुसत्या मराठी शिक्षणावर फार तर अक्षरओळख व हिशेब येई. कारकुनी, शिक्षकी किंवा हायस्कुलातील प्रवेश यांसाठी इंग्रजी इयत्ता आवश्यक होत्या. बहुतेक अस्पृश्य मुलांची शाळा याच टप्प्यावर सुटत असे.

शाळेला जोडून वसतिगृह चालविण्यात आले. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या चाळकरी कुटुंबातील मुलांना अभ्यासासाठी जागा मिळावी, आणि बाहेरगावच्या होतकरू मुलांना मुंबईत शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. पुस्तक-बांधणी व शिवण यांसारखे उद्योग शिकविण्याची सोयही करण्यात आली. आठवड्यातून ठरावीक वेळी उपासना, भजन व नीतिपर व्याख्याने होत. १९०७ मध्ये मिशनच्या आश्रयाने सोमवंशी मित्र समाज स्थापन झाला. अस्पृश्य समाजातील मंडळींनी स्वतः एकत्र येऊन उपासना व विचारविनिमय करावा, हा त्याचा उद्देश होता.

मुंबईत मिशनचे काम परळपुरते राहिले नाही. मदनपुरा व कामाठीपुरा या वस्त्यांत, तसेच शहराबाहेर देवनार येथे, नगरपालिकेच्या कचरा खात्यातील सफाई कामगारांच्या मुलांसाठीही शाळा काढण्यात आल्या. अस्पृश्यांमध्येही सर्वांत खालचे मानल्या गेलेल्या भंगी समाजापर्यंत शाळा नेण्याचा हा प्रयत्न होता. अस्पृश्य जातींमध्ये आपापसांतही शिवाशीव पाळली जात असल्याने, निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका वर्गात बसविणे हे तेथील शिक्षकांचे एक नित्याचे काम होते.

कार्यकर्ते व कुटुंब

मिशनच्या कामाचा भार काही थोड्या माणसांनी वाहिला. वामनराव सोहोनी, ए. एम. सय्यद व त्यांच्या पत्नी कल्याणीबाई सय्यद यांनी या कामाला वाहून घेतले. डॉ. संतूजी रामजी लाड यांनी परळच्या वस्तीतील रोग्यांसाठी औषधोपचाराची सोय पाहिली. नारायणराव पंडित यांनी व्यवस्थेचा भार उचलला. हिंदू, मुसलमान, ब्राह्मण, मराठा अशा निरनिराळ्या घरांतून आलेली ही मंडळी अस्पृश्य वस्तीत येऊन काम करीत. त्या काळी हीच गोष्ट त्यांच्या स्वतःच्या नातेवाइकांच्या रोषास कारण होत असे.

स्त्रियांमध्ये काम करण्यासाठी १९०७ मध्ये निराश्रित सेवासदन ही शाखा निघाली. जनाबाई शिंदे यांनी या कामात पुढाकार घेतला. मुलींना शाळेत आणणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, बाळंतिणींची विचारपूस करणे, घरोघरी जाऊन स्वच्छतेविषयी सांगणे ही कामे या भगिनींनी केली. परळच्या शाळेतील मुलींची उपस्थिती वाढण्यास या भेटींचा उपयोग झाला.

१९१० मध्ये शिंदे यांचा प्रार्थना समाजाशी असलेला प्रचारक या नात्याचा संबंध संपला. पगाराचा आधार गेला आणि राम मोहन आश्रमातील बिऱ्हाडही सोडावे लागले. त्यानंतर ते कुटुंबासह ग्लोब मिल पॅसेजमधील मिशनच्या जागेत राहण्यास गेले. रुक्मिणीबाई, मुले, वृद्ध आई-वडील व बहिणी असे सारे कुटुंब अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या सहवासात राहू लागले. वसतिगृहाची देखरेख, स्वयंपाकघर आणि शिंदे यांचे घर यांच्यामध्ये फारसे अंतर उरले नाही. मराठा समाजातील अनेकांनी त्यांच्यावर या कारणाने बहिष्काराची भाषा केली. शिंदे यांनी त्याची फिकीर केली नाही.

संस्थेचा विस्तार

परळच्या शाळेच्या नमुन्यावर काही वर्षांतच मिशनच्या शाखा पुणे, ठाणे, दापोली, मालवण, सातारा, कोल्हापूर, अकोला, अमरावती, हुबळी, मंगळूर, मद्रास इत्यादी ठिकाणी निघाल्या. पुण्यातील शाळा जून १९०८ मध्ये सुरू झाली. तेथील समितीचे अध्यक्ष पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे होते. मुंबईबाहेरील कामाचा व्याप वाढल्यावर शिंदे यांनी १९१२ मध्ये आपले ठाणे पुण्यास हलविले. परळच्या कामाची सूत्रे मुंबईतील समिती व सहकारी यांच्याकडे राहिली, आणि शिंदे सरचिटणीस या नात्याने त्यावर देखरेख करीत राहिले.

पुण्यात भोकरवाडी येथे मिशनने मोठी जागा मिळविली. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी इमारतीसाठी २०,००० रुपये दिले. होळकर घराण्यातील अहल्याबाईंच्या नावाने या ठिकाणास अहल्याश्रम असे नाव देण्यात आले. शाळा, वसतिगृह व उद्योगशाळा यांची जी जोड परळला भाड्याच्या जागेत बसविण्यात आली होती, तिला येथे स्वतःची इमारत मिळाली.

ऑक्टोबर १९१२ मध्ये पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात मिशनच्या वतीने परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. मार्च १९१८ मध्ये मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद झाली. तिचे अध्यक्षस्थान सयाजीराव गायकवाड यांनी स्वीकारले. या परिषदेत लोकमान्य टिळक यांनी अस्पृश्यतेविरुद्ध भाषण केले. मात्र स्वतःच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही अशा आशयाच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. या दोन परिषदांच्या दरम्यान, १९१७ मध्ये, कलकत्ता काँग्रेसने ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचे आवाहन करणारा ठराव संमत केला. त्यासाठी शिंदे यांनी अनेक वर्षे खटपट केली होती.

नेतृत्वाचा प्रश्न

शाळांमधून शिकलेली पहिली पिढी पुढे येत होती, त्याच सुमारास अस्पृश्य समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा हा वाद तीव्र झाला. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे शिंदे व डॉ. भीमराव आंबेडकर या दोघांनीही साक्षी दिल्या. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी घ्यावेत, अशी मिशनच्या बाजूने मांडलेली योजना होती. आंबेडकर यांनी तिला स्पष्ट विरोध केला. सवर्ण सभासदांनी निवडलेला माणूस अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी होऊ शकत नाही, आपले प्रतिनिधी त्या समाजानेच निवडले पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. तीतही मिशनच्या या भूमिकेचा निषेध करण्यात आला.

या मतभेदाची दोन्ही टोके परळमध्येच होती. आंबेडकर यांचे कुटुंब पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते, आणि मिशनची शाळा तेथून फार दूर नव्हती. एका बाजूस सवर्ण सुधारकांच्या त्यागावर उभी राहिलेली संस्था होती. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्यातूनच उच्च शिक्षण घेऊन आलेला नेता होता. शिंदे यांच्या भूमिकेवरील टीका काही अंशी राजकीय होती, तरी तिचा गाभा कोणत्याही सेवाभावी संस्थेला लागू पडणारा आहे. दुसऱ्यांच्या उन्नतीसाठी काढलेली संस्था त्यांच्या संमतीशिवाय किती काळ चालवावी, असा तो प्रश्न होता.

पुण्याच्या अहल्याश्रमातही व्यवस्थेविषयी अस्पृश्य कार्यकर्त्यांमध्ये असंतोष दिसू लागला होता. शिंदे यांना याचे दुःख झाले, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष वेगळा होता. हा असंतोष म्हणजे कृतघ्नता असे त्यांनी मानले नाही. समाज जागा झाल्याचे ते लक्षण असून, आता सवर्ण कार्यकर्त्यांनी मागे सरून कारभार त्या समाजातील माणसांकडे सोपवावा, या मताचे ते झाले. १९२३ मध्ये त्यांनी मिशनच्या कार्यकारी जबाबदारीतून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात मिशनचे पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर यांचे निधन झाले. सतरा वर्षांपूर्वी परळच्या बंगल्यात शाळेचा आरंभ करणारे दोन प्रमुख पुरुष अशा रीतीने एकाच वर्षी संस्थेपासून दूर झाले.

त्यानंतरच्या घटनांनी परळचे चित्र झपाट्याने बदलले. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने इत्यादी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत असे त्यात म्हटले होते. १९२४ मध्ये आंबेडकर यांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा घेऊन बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ एफ व जी या विभागांत केला. परळ एफ विभागात येत असल्याने, मिशनने वीस वर्षांपूर्वी मूठभर मुलांसाठी उघडलेले दार आता कायद्याने या भागातील सर्व मुलांसाठी उघडले गेले.

राजकीय व सामाजिक कार्य

मिशनच्या कामाबरोबरच शिंदे यांनी इतर चळवळींतही भाग घेतला. १९१७ मध्ये त्यांनी मराठा राष्ट्रीय संघ स्थापन करून मराठा समाजाने राष्ट्रीय चळवळीत यावे असा प्रचार केला. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागेवरून उभे राहण्याचे नाकारून ते पुण्यातून सर्वसाधारण जागेवर उभे राहिले व पराभूत झाले. जातवार राखीव जागांना असलेला त्यांचा विरोध तत्त्वाचा होता, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. त्याच वर्षी पुण्यात मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करावे या मागणीच्या चळवळीत ते अग्रभागी होते. मुलांना प्रथम व मुलींना नंतर असा क्रम लावण्यास त्यांनी व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी कडाडून विरोध केला.

१९२४ मध्ये ब्राह्मो समाजाच्या कामानिमित्त ते मंगळूर येथे होते. तेथून ते केरळात गेले व वायकोम येथील सत्याग्रहाची त्यांनी पाहणी केली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शेतकरी परिषदांमध्ये भाग घेऊन तुकडेबंदी व शेतसारा यांसंबंधी शेतकऱ्यांची बाजू मांडली. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली व ती त्यांनी येरवडा तुरुंगात भोगली.

लेखन

शिंदे यांचे लेखन धर्म, समाजशास्त्र, इतिहास व भाषाशास्त्र या विषयांवर आहे. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. प्राचीन ग्रंथांतील उल्लेख, पाली साहित्य, जनगणनेचे आकडे आणि देशभरच्या प्रवासात प्रत्यक्ष पाहिलेली स्थिती यांची सांगड घालून अस्पृश्यतेचा उगम व विस्तार यांचा विचार त्यांनी त्यात केला. परळच्या चाळीत आणि देवनारच्या वस्तीत जे पाहिले, त्याची शास्त्रीय बैठक शोधण्याचा हा प्रयत्न होता. माझ्या आठवणी व अनुभव हे त्यांचे आत्मचरित्र मिशनच्या स्थापनेच्या व वाढीच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. मराठी व कानडी भाषांच्या परस्परसंबंधांवरील त्यांचे निबंधही उल्लेखनीय आहेत.

अखेरचा काळ व मृत्यू

अखेरच्या वर्षांत शिंदे पुण्यात राहत. प्रकृती खालावली होती आणि आर्थिक ओढाताण कायम होती. ज्या मराठा समाजातून ते आले त्याने त्यांना दूरचे मानले, ब्राह्मणी सुधारकांच्या वर्तुळात ते पूर्णपणे सामावले नाहीत, आणि ज्या अस्पृश्य समाजासाठी त्यांनी आयुष्य वेचले त्याचे नेतृत्व स्वाभाविकपणे त्या समाजातील पुढाऱ्यांकडे गेले होते. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

शिंदे यांच्या कार्याचे मूल्यमापन दोन दिशांनी होत आले आहे. सवर्ण समाजाच्या सदसद्विवेकाला आवाहन करून अस्पृश्यता जाईल, या त्यांच्या भरवशाची मर्यादा आंबेडकरी चळवळीने दाखवून दिली. दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या आरंभी, राजकीय पक्षांनी हा प्रश्न हाती घेण्यापूर्वी, तो अखिल भारतीय पातळीवर संघटितपणे मांडणारे पहिले सवर्ण कार्यकर्ते म्हणून त्यांचे स्थान अभ्यासक मान्य करतात. गो. मा. पवार यांनी लिहिलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे: जीवन व कार्य या चरित्रास २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर त्यांच्या कार्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

शैक्षणिक इतिहासाच्या दृष्टीने परळच्या शाळेचे महत्त्व तिच्या आकारात नाही. गिरणी कामगाराच्या मुलाला प्राथमिक वर्गावर न थांबविता इंग्रजी इयत्तांपर्यंत नेणे, शाळेला वसतिगृह व उद्योगशिक्षण जोडणे, मुलींसाठी स्त्री कार्यकर्त्यांनी घरोघर जाणे आणि शिक्षकाने कुटुंबासह विद्यार्थ्यांच्या वस्तीत राहणे, हे घटक तिच्या कार्यपद्धतीत एकत्र आले. यांपैकी वसतिगृहाची कल्पना पुढे महाराष्ट्रातील मागासवर्गीयांच्या शिक्षणाचा कणा ठरली. संस्थापकाने योग्य वेळी संस्थेची सूत्रे सोडावीत, हा शिंदे यांचा निर्णयही या शाळेच्या इतिहासाचाच एक भाग आहे.